राठोडभाऊंनी मोजलेलं घर

कुणाच्याही घरी गेलं की राठोडभाऊ आधी पाणी मागायचे. तहान लागलेली असो की नसो. चपला दाराबाहेर काढायच्या, भिंतीला टेकून जमिनीवर बसायचं आणि म्हणायचं, "माय, थोडंसं पाणी देता का?" पेला रिकामा झाला की पिशवीतून टॅब बाहेर यायचा. दिवसाला तीन घरं झाली की तीन पेले. मी एकदा हसले, तर म्हणाले, "ताई, आपण त्यायले इचारणार का तुमी काय खाल्लं, किती खाल्लं, लुगडं कवा घेतलं, दवाखान्यात काय लागलं. एवढं सारं इचारणाऱ्या माणसानं त्यायच्या घरचं पाणी बी पेलं नाई, तर ते सांगतील कायले?"

यवतमाळच्या एका कार्यालयात आम्ही दोघं होतो. काम घरखर्चाच्या पाहणीचं. सोडत काढल्यासारखी गावं निघायची, गावातून घरं निघायची, आणि निघालेल्या घरात बसून एकेक जिन्नस विचारायचा: गेल्या सात दिवसांत तेल किती, डाळ किती, महिन्याभरात साबण किती, वर्षभरात चपला किती. एका घराला दोन-अडीच तास सहज जात. माझे वडील कलेक्टर कचेरीत होते, काका कोर्टात, मोठी बहीण पोस्टात. आमच्याकडे नोकरी म्हणजे वेळेवर जायचं, वेळेवर यायचं, आणि मधल्या वेळात फाइल आपल्या अंगावर येणार नाही एवढं बघायचं. मीही तशीच आले होते. राठोडभाऊ तसे आले नव्हते.

देवसिंग राठोड हे त्यांचं पूर्ण नाव. बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरचे. उंच, मान किंचित पुढे झुकलेली, पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन. टॅब आल्यावरही पेन गेलं नाही. अर्थशास्त्रात एम.ए. केलेलं, पुढे पीएच.डी. करायची होती, विषयही ठरला होता, देशादेशांतल्या मिळकतीच्या विषमतेची तुलना. नाव नोंदवायला गेले तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, हा विषय तुला झेपायचा नाही, तू तांड्यावर काहीतरी कर. हे सांगताना ते हसायचे. "मी म्हनलं, सर, तांडा बी जगातच हाय. आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडले. मी आकडे लादून हिंडतो म्हनलं." पीएच.डी. राहूनच गेली. आकडे राहिले.

कार्यालयातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून त्यांनी जुन्या कॅलेंडरचा मागचा कोरा कागद चिकटवला होता. त्यावर देशांची नावं आणि प्रत्येकापुढे शून्य ते एकच्या मधला एक आकडा. नवं काही छापून आलं की जुना आकडा एका रेघेनं खोडून शेजारी नवा लिहायचे. मी नवीन होते तेव्हा विचारलं, हे काय? तेव्हा त्यांनी समजावलं, "शून्य म्हंजे साऱ्यायले सारखं. एक म्हंजे सारं एकट्याले, बाकीच्यायले काहीच नाई. जगातले सारे देश या दोघायच्या मधात कुठी ना कुठी बसले हायेत. कोण कुठी बसला ते पायचं." देशांबद्दल ते तांड्यावरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. स्वीडन आता पहिल्यासारखा राहिला नाही, हे सांगताना खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा व्हायचा. ब्राझील जरा सुधारला म्हणून एका सकाळी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. दक्षिण आफ्रिकेचं नाव निघालं की मान हलवायचे, "तिथलं लय अवघड हाय." यवतमाळच्या बाहेर ते फार तर नागपूरपर्यंत गेले होते.

एकदा आम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. बाहेरगावचे एक मोठे अधिकारी आले होते. पडद्यावर देशांची उतरंड दाखवून ते म्हणाले की बघा, विषमतेच्या बाबतीत आपला देश किती चांगल्या जागी आहे, कितीतरी श्रीमंत देशांपेक्षा पुढे. टाळ्या झाल्या. राठोडभाऊ उभे राहिले. शर्ट नीट खोचला आणि त्यांच्या ठेवणीतल्या मराठीत म्हणाले, "सर, एक शंका आहे. त्या देशांनी माणसाची मिळकत मोजली. आपण खर्च मोजला. म्हणजे एकानं उंची मोजली आणि दुसऱ्यानं सावली. आता या दोघांत उंच कोण, हे कसं ठरवायचं?"

साहेब म्हणाले, खर्चावरूनही अंदाज येतो.

"येतो, सर. गरिबाचा येतो. तो मिळवतो तेवढं सारं खाऊन टाकतो. पण ज्याच्याकडे लय आहे तो किती खाणार? दोन भाकरी जास्त? त्याची उरलेली मिळकत आपल्या टॅबमध्ये कुठी लिहायची?" शेवटी शेवटी वऱ्हाडी बाहेर आलीच. बोलता बोलता ते खरोखर खिडकीकडे गेले आणि बाहेर बोट दाखवत म्हणाले, "हे पाहा ना, भर दुपारी उंच माणसाची सावली बी बुटकीच दिसते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

राठोडभाऊ कंत्राटी होते. मी कायम. एकाच खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही एकच काम करायचो. मी आजारी पडले तर पगार यायचा. ते पडले तर नाही. दर वर्षी त्यांचा करार नवा व्हायचा आणि दर वर्षी त्या आठवड्यात ते जरा कमी बोलायचे. या गोष्टीबद्दल त्यांच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नाही. एकदा दिवाळीच्या आधी कुणीतरी गंमत केली, "राठोड, जगाचा आकडा काढता, आपल्या ऑफिसचा काढा की." त्यांनी खरंच काढला. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे धरले, कागदावर अर्धा तास गणित केलं, मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. मी नंतर विचारलं, "काय आला?" ते म्हणाले, "बरा हाय, ताई. जगात कुठी ना कुठी बसते." आणि टॅब चार्जिंगला लावायला उठले.

श्रीमंतांच्या घरांचं त्यांना फार लागायचं. एका वर्षी शहरातला एक मोठा बंगला निवडीत आला. फाटक, पहारेकरी, आत दोन कुत्री. पहिल्या दिवशी मालक बाहेरगावी होते, दुसऱ्या दिवशी झोपले होते, तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये. राठोडभाऊ सात वेळा गेले. दोनदा मी बरोबर होते. पहारेकऱ्याकडेच पाणी मागून, त्याच्याच बाकावर बसून ते वाट बघायचे. सातव्या दिवशी मालकांनी आतून फोनवर निरोप दिला: काय लिहायचं ते तुमच्या मनानं लिहून घ्या. तेवढ्यात स्वयंपाकाच्या बाई काम आटोपून फाटकातून बाहेर पडत होत्या. त्यांना दया आली. म्हणाल्या, "साहेब, तेल किती लागते ते मले माहीत हाय. साखर बी सांगतो. लिहून घ्या."

राठोडभाऊंनी हात जोडले. "वहिनी, तुमचं घर निवडीत आलं असतं तर तुमच्या घरचं तुम्हालेच इचारलं असतं. दुसऱ्याच्या घरचं तुम्ही कसं सांगाल?"

नियमाप्रमाणे त्या बंगल्याच्या जागी दुसरं घर घ्यायची मुभा होती. आमच्या कार्यालयातल्या साहेबांनी ते घ्यायला लावलं. निघालं ते एका शाळामास्तरांचं. मास्तरांनी दार उघडलं, पाणी दिलं, पोहे दिले, सगळं सांगितलं. परतल्यावर राठोडभाऊ कार्यालयाच्या पायऱ्यांवर थांबून म्हणाले, "सगळ्यात उंच माणूस रांगेतून उठून गेला, ताई. त्याच्या जागेवर आपण मधल्या उंचीचा उभा केला. मंग फोटोत सारे सारखे दिसतीलच ना."

आता झरीचं सांगते. इतकी वर्षं ते सांगायचं टाळत आले.

झरी जामणी तालुक्यातलं कोलाम आदिवासींचं एक पोड आमच्या यादीत निघालं. पोड म्हणजे त्यांची वस्ती. पंधरा-वीस घरं, भोवती सागाचं रान. तिथं जंगूबाईचं घर निवडीत आलं. चाळिशी उलटलेली बाई, एकटी. मुलगा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. राठोडभाऊंनी पाणी मागितलं, प्यायले, आणि विचारायला लागले.

लोक किलोत सांगत नाहीत. वाटीनं, ओंजळीनं सांगतात. म्हणून ते पिशवीत एक लहानसा ताणकाटा ठेवायचे. जंगूबाई म्हणाली, त्या वाटीनं तांदूळ घेते. त्यांनी ती वाटी मागून घेतली, तिच्याच डब्यातल्या तांदळानं भरली, वजन केलं आणि तांदूळ परत डब्यात ओतला. दोन दाणे खाली पडले होते ते वेचून डब्यात टाकले.

"दररोज एक वाटी?"

"दररोज नाई. कवा अर्धी."

"सात दिवसांत अर्धी किती येळा?"

तिनं बोटांवर मोजलं. चार.

"तेल?"

"नाई."

"सात दिवसांत एकडाव बी नाई?"

"पोरगा गेला त्या दिशी होतं."

"कवा गेला?"

"पोर्णिमा झाली ना, त्याच्या आगुदर."

डाळ नाही. चहा नाही. साखर नाही. मीठ, मिरची, रानातला कंद, बोरं. कंदावर तर त्यांनी पाऊण तास घालवला. कुठून आणला, किती आणला, बाजारात विकला असता तर काय आलं असतं. मी कंटाळून म्हटलं, "भाऊ, ते तर फुकटचं आहे." ते माझ्याकडे वळले. "फुकटचं नाई, ताई. त्याच्यासाठी ही बाई तीन कोस चालून राह्यली. खाल्लं ते सारं लिहायचं."

निघताना माझ्या पिशवीत बिस्किटांचा पुडा होता. तो मी काढणार इतक्यात त्यांनी डोळ्यानं नको म्हटलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "आज दिलं तर उद्या दुसऱ्या घरचे आपल्याले पायजे ते उत्तर देतील." मग एस.टी.त त्यांनी डबा उघडला नाही. पांढरकवडा गेलं तरी मांडीवर तसाच धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते तापानं पडले. तांड्यावर गेले, तिथून दरव्ह्याच्या दवाखान्यात. टॅब कार्यालयात राहिला.

चौथ्या दिवशी कार्यालयातल्या संगणकावर जंगूबाईच्या घराच्या नोंदीपुढे लाल खूण आली. हा आकडा संभवत नाही, खात्री करा किंवा दुरुस्त करा. माणूस इतक्या कमीत जगू शकत नाही, असं कुठल्यातरी दूरच्या यंत्राचं म्हणणं होतं. साहेब येऊन म्हणाले, "मॅडम, संध्याकाळपर्यंत हे क्लिअर करा. एका घरासाठी सगळ्या जिल्ह्याचं काम अडकलंय." मी राठोडभाऊंना फोन लावला. त्यांच्या पत्नीनं, कमलाबाईंनी उचलला. सलाइन चालू होतं, ते बोलू शकत नव्हते.

मी त्यांचा टॅब उघडला. पासवर्ड मला माहीत होता. एकमेकांचे सगळ्यांना माहीत असत. जंगूबाईच्या घरात मी तेल लिहिलं. थोडी डाळ लिहिली. चहा-साखर लिहिली, तांदूळ वाढवला. कंद तसाच ठेवला. लिहिताना, खरं सांगते, मला जरा बरंच वाटत होतं. जणू त्या बाईला मी वाढत होते. खूण हिरवी झाली आणि मी घरी गेले.

आठ दिवसांनी राठोडभाऊ आले. गाल बसलेले, शर्ट अंगावर ढगळ. खुर्चीत बसून त्यांनी टॅब उघडला, खाली-वर केला आणि हळूच विचारलं, "ताई, या घरात तेल कुठून आलं?"

मी सांगितलं. लाल खूण, साहेब, शेवटची तारीख, सगळं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "उद्या रिकाम्या हायेत का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा झरीला गेलो. स्वतःच्या खर्चानं, सुट्टी टाकून. जंगूबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. तिनं पाणी दिलं. राठोडभाऊंनी तोच आठवडा, तेच जिन्नस पुन्हा विचारायला सुरुवात केली. तांदूळ. वाटी. तेल. तिनं जरा वेळ उत्तरं दिली, मग सूप खाली ठेवलं.

"मागच्या खेपेले बी हेच इचारलं होतं ना, भाऊ? लिहून नाई ठेवलं का?"

राठोडभाऊ खाली बघत म्हणाले, "लिहिलं होतं, माय. आमच्याकडून खोडल्या गेलं."

"शिकलेल्या माणसायचं बी असं होते?" ती हसली. तिला खरंच गंमत वाटली होती. मग तिनं सगळं परत सांगितलं, पहिल्या वेळी सांगितलं होतं तसंच, चारदा अर्ध्या वाटीसकट.

येताना मी घरून तेलाची एक पिशवी आणली होती. निघताना ती काढली आणि राठोडभाऊंकडे बघितलं. ते म्हणाले, "द्या. आता द्या. आता इचारून झालं." जंगूबाईनं पिशवी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे कायले?"

परत आल्यावर त्यांनी अर्ज लिहिला. अमुक घराच्या नोंदीत बदल झाला आहे, मूळ नोंद बरोबर आहे, प्रत्यक्ष जाऊन पुन्हा खात्री केली आहे, तरी ती नोंद उघडून द्यावी. आणि खाली एक ओळ: सदर बदल माझ्या हातून झाला आहे.

ती ओळ वाचून मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "भाऊ, असं काहून लिहिलं? तुम्ही तर इथं नव्हता."

"टॅब माझा होता."

"पण केलं मी."

"ताई, तुमच्यासाठी नाई लिहिलं," ते म्हणाले. मला ते फार लागलं, कारण मला तसंच वाटलं होतं. "कोनं केलं म्हनून चौकशी लागली का सहा महिने जातात. तवपर्यंत आकडा वर पोचते. मंग त्याचं छापते, मंग ते जगभर जाते. कोनी कबूल केलं का चौकशी लागत नाई, नोंद लवकर उघडते. म्हनून लिहिलं."

नोंद उघडली नाही. त्या फेरीचं काम बंद झालं होतं आणि एका घरानं काही फरक पडत नाही, असं वरून कळलं. मात्र नोंदीत फेरफार केल्याचं कबुलीपत्र हातात आलं होतं, त्याचं काहीतरी करणं भाग होतं. त्या वर्षी राठोडभाऊंचा करार नवा झाला नाही. साहेबांनी मला आत बोलावून दार लोटलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही यात पडू नका." मी पडले नाही. माझ्या मुलीची बारावी होती, निवृत्तीला अकरा वर्षं होती, घराचं वरच्या मजल्याचं काम निघालं होतं. ही कारणं मी तेव्हा मनात इतक्यांदा म्हटली की अजून त्याच क्रमानं पाठ आहेत.

शेवटच्या दिवशी त्यांनी आपलं सामान एका कापडी पिशवीत भरलं. त्यात फारसं काही नव्हतंच. ताणकाटा मात्र टेबलावर ठेवला. "नव्या माणसाले लागंल," म्हणाले. जाताना शिपायाला नमस्कार केला, मला केला, दोन्ही सारखेच.

तीन वर्षं मी त्यांना भेटले नाही. कुणाकुणाकडून कळायचं की ते तांड्यावरच असतात, भावाच्या शेतावर जातात, मुलामुलींना स्पर्धा परीक्षेचं शिकवतात. मग कळलं की साखर वाढली आहे आणि डोळ्यांवर गेली आहे. एका रविवारी मी सकाळच्या एस.टी.नं बोरी अरबला उतरले आणि विचारत विचारत तांड्यावर गेले.

ते ओसरीत खाटेवर बसले होते. मी अगदी जवळ जाऊन बोलेपर्यंत त्यांना ओळखू आलं नाही, आवाजावरून ओळखलं. "ताई! बसा, बसा." मग आत हाक मारली, "पाणी आण वं." कमलाबाई पाणी घेऊन आल्या, मग चहा टाकायला गेल्या. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. राठोडभाऊ खूश होते. भावाच्या मुलीकडून मोबाइलवर वाचून घेतो म्हणाले, कुठल्या देशाचं काय चाललंय ते सांगत राहिले. आता काही ठिकाणी कराच्या कागदांवरूनही वरच्या लोकांची मिळकत काढतात, म्हणाले, म्हणजे फाटकाच्या आतलं थोडंफार दिसायला लागलं आहे. बोलताना त्यांचा चेहरा माझ्या जरा डावीकडे वळलेला होता.

चहा घेऊन कमलाबाई दाराशी बसल्या. थोडा वेळ पदराशी चाळा केला, मग एकदम विचारलं, "ताई, तुम्ही संगं होत्या म्हनून इचारतो. यायनं असं काय चुकीचं लिहिलं होतं? तांड्यात लोक म्हनतात पैसे खाल्ले आसंल. पोरीच्या सोयरिकीत बी इचारलं. हे तं काहीच सांगत नाई."

"अवं, जाऊ दे," राठोडभाऊ म्हणाले.

"कायले जाऊ देऊ? मले सांगतलं का तुमी कवा?"

कप माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला आणि म्हणाले, "त्यांनी काहीच चुकीचं लिहिलं नव्हतं, वहिनी. चुकीचं मी लिहिलं होतं. ते तेव्हा दवाखान्यात होते. तुम्ही फोन उचलला होता बघा, त्या दिवशी."

कमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या गोरबोलीत नवऱ्याला काहीतरी विचारलं. ते एकच शब्द बोलले. त्या उठल्या, माझा अर्धा राहिलेला कप उचलला आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

यवतमाळला परतल्यावर मी कार्यालयाला पत्र दिलं, सगळं लिहून. दोन महिन्यांनी उत्तर आलं की प्रकरण बंद झालेलं असल्यानं पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही. ते उत्तर दाखवायला मी जाणार होते. त्याआधीच राठोडभाऊ गेल्याचं कळलं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. तांड्यावर मी गेले नाही. कमलाबाईंसमोर उभं राहायचं बळ नव्हतं. पत्राची एक प्रत मात्र मी त्यांना टपालानं पाठवली, लोकांना दाखवता यावी म्हणून. ती त्यांनी कुणाला दाखवली की नाही, मला माहीत नाही. जंगूबाईच्या घरात मी लिहिलेलं तेल अजून तिथंच आहे. त्या वर्षीचा आपल्या देशाचा आकडा कुठं छापून आला की मला ते दिसतं. एका घरानं फरक पडत नाही, हे गणितानं खरंच आहे.

त्या रविवारी मी निघाले तेव्हा राठोडभाऊ फाट्यापर्यंत सोडायला आले. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, रस्ता पायाला माहीत आहे. डांबराच्या कडेनं, एक पाय डांबरावर आणि एक मातीत ठेवत ते चालत होते. मग त्यांनी विचारलं, "आता लाल खूण आली का काय करता?"

"परत जाते, भाऊ. परत जाऊन विचारते."

"जाता ना?"

"जाते."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. माफ केलं असं काही त्यांनी म्हटलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही.

फाट्यावर दोन्ही बाजूंनी एस.टी. जवळजवळ एकदमच आल्या. एक दरव्ह्याकडे जाणारी, एक यवतमाळकडे. धूळ उडाली, लोक चढले-उतरले. "येते, भाऊ," म्हणून मी घाईनं रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या गाडीत चढले. खिडकीशी जागा मिळाली. राठोडभाऊ रस्त्याच्या त्या कडेला उभे होते, दरव्ह्याच्या गाडीकडे तोंड करून. दोन्ही गाड्यांच्या गलक्यात मी तिच्यातच चढले असं त्यांना वाटलं होतं. ती आधी सुटली. त्यांनी हात वर केला आणि तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवत हात हलवत राहिले. त्यांच्यापासून मी दहा-बारा हातांवर होते. एक हाक मारली असती तर ते वळले असते. गाडीत माणसं होती, मी हाक मारली नाही. माझी गाडी हलली तेव्हाही त्यांचा हात वरच होता.